जेथ्रो टल : रॉक बँडच्या नावात पाभर कुठून आली?

शिवारफेरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज पावसानं झड लावलीय, शेतात पाय घालता येत नाही, म्हणून निवांत बसून धागा काढतोय.

विषय जेथ्रो टल. बासरी वाजवता वाजवता एका पायावर उभा राहणारा दाढीवाला माणूस आठवतोय ना, तो ब्रिटिश बँड. मी ९२ साली पुण्यात कृषी महाविद्यालयात शिकायला होतो, होस्टेलवर रूममेटकडे 'ॲक्वालंग'ची कॉपी केलेली कॅसेट होती, वर बॉलपेननं नुसतं 'जेथ्रो टल' लिहिलेलं. मला वाटायचं तो गाणारा माणूसच जेथ्रो टल. रूममेटलाही तेच वाटायचं.

मग एके दिवशी सकाळी कृषिविद्येच्या तासाला सर फळ्यावर लिहितात, 'जेथ्रो टल : फादर ऑफ टिलेज'. मशागतशास्त्राचा जनक! मी आणि रूममेट एकमेकांकडे बघतच राहिलो. रात्री ज्याची गाणी ऐकत झोपलो तो सकाळी वहीत. ज्यांनी कुणी ॲग्री केलंय त्यांना हे नाव पाठ असणार, स्पर्धा परीक्षांना आजही हा प्रश्न येतो. पण त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं की या नावाचा रॉक बँड आहे, आणि बँड ऐकणाऱ्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं की हा एक शेतकरी होता. मी दोन्हीकडचा आहे म्हणून हा धागा.

तर खरा जेथ्रो टल. जन्म १६७४, इंग्लंडात बर्कशायरमधलं बॅसिल्डन गाव. शिकला वकिली, १६९९ ला सनदही मिळाली, पण तब्येत बरी नसायची आणि घरची शेती होती, त्यामुळे शेतीत आला. त्या काळी तिकडे बी हातानं फोकून पेरायचे. कुठं दाट, कुठं विरळ, अर्धं बी पाखरांच्या पोटात. टलला सेनफॉईन नावाचं वैरणीचं पीक ओळीत लावायचं होतं, कारण त्याचं बी महाग आणि वाया फार जायचं. त्यानं मजुरांना सांगितलं सरी ओढा, मोजून बी टाका, वर माती लोटा. मजुरांना ते पटलं नाही, त्यांनी काही मनावर घेतलं नाही. मग ह्यानं ठरवलं की हे काम करणारं यंत्रच करायचं. साल साधारण १७०१.

आणि आता जी गोष्ट सांगतोय ती मला सगळ्यात जास्त आवडते. यंत्रात अडचण अशी होती की बी एकदम भसकन पडू नये, थोडं थोडं सुटावं. तर ही युक्ती त्याला सुचली चर्चमधल्या पाइप ऑर्गनवरून! तरुणपणी हौस म्हणून त्यानं ऑर्गनची आतली रचना समजून घेतली होती. ऑर्गनच्या साउंडबोर्डात खाच, जीभ आणि स्प्रिंग असते, त्यावर हवा कधी सोडायची कधी अडवायची ते ठरतं. टलनं तिथं हवेच्या जागी बी घातलं. म्हणजे पेरणीयंत्र जन्मलं ते वाद्याच्या पोटातून, आणि अडीचशे वर्षांनी त्याच माणसाचं नाव परत एका वाद्यवृंदाला मिळालं, तेही ह्यातलं काहीच माहीत नसताना.

माझे वडील शाळू (रब्बी ज्वारी) पेरायचे तेव्हा मी पाभरीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराच्या, मागं चालायचो. सागाचं चाडं, म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी, खाली भोकं, त्यातून वेळूचे नळे फणापर्यंत गेलेले. वडिलांची मूठ चाड्यावर, बोटांच्या फटीतनं दाणे सुटायचे, आणि नळ्यातनं उतरताना सर्र सर्र असा बारीक आवाज यायचा. मूठ जरा सैल पडली की आवाज बदलायचा, वडील न बघता कानानं ओळखायचे की कुठला नळा तुंबलाय. टलची ती खाच-जीभ-स्प्रिंग म्हणजे माझ्या वडिलांची मूठ, असं मला त्या तासाला वाटलं आणि आजही वाटतं.

बँडला नाव कसं पडलं ते कुणी नीट सांगेल का? मला थोडंच माहितीय, एका एजंटनं दिलं एवढंच.

कॅसेटवाला
वा शिवारफेरी, काय धागा काढलात. ऑर्गनचं मला माहीतच नव्हतं, तीस वर्षं ऐकतोय बँड.

नावाचं सांगतो. ही पोरं मूळची ब्लॅकपूलची. बासरी वाजवणारा, गाणारा तो दाढीवाला म्हणजे इयन अँडरसन. त्याचा जन्म स्कॉटलंडमधला, डनफर्मलिन, १९४७, पण वाढला पुढे ब्लॅकपूलला. तिथं त्यांचा पहिला ग्रुप 'द ब्लेड्स', ते नाव जेम्स बाँडच्या गोष्टीतल्या क्लबवरून. मग जॉन इव्हान बँड. १९६७ च्या अखेरीला नशीब काढायला लंडनजवळ लूटनला आले, आणि थोड्याच दिवसांत थंडी आणि उपासमारीला कंटाळून बरेचसे घरी परत गेले. राहिले अँडरसन आणि बास वाजवणारा ग्लेन कॉर्निक, त्यांना लूटनचे मिक एब्राहम्स आणि क्लाइव्ह बंकर येऊन मिळाले. हा पहिला संच.

आता क्लबचा हिशोब कसा असायचा, की एकदा वाजवलं आणि लोकांना नाही आवडलं तर त्या नावाला परत बोलावणं नाही. म्हणून ह्यांचं बुकिंग करणाऱ्या एजन्सीनं सरळ दर वेळी नवीन नाव लावायला सुरुवात केली. नेव्ही ब्लू, इयन हेंडरसन्स बॅग ओ' नेल्स, कँडी कलर्ड रेन, अशी काय काय नावं. क्लबात गेल्यावर पोस्टर बघायचं आणि जे नाव आपल्या ओळखीचं नाही ते आपलं, असा प्रकार होता म्हणे. त्या एजन्सीत एक इतिहासाचा नाद असलेला माणूस होता, त्यानं एका आठवड्याला 'जेथ्रो टल' लावलं. नेमकं त्याच आठवड्यात लंडनच्या मार्की क्लबच्या मॅनेजरला हा बँड पसंत पडला आणि त्यानं नियमित वार ठरवून दिला. झालं, आता नाव बदलायची सोय राहिली नाही. फेब्रुवारी १९६८ ची ही गोष्ट.

म्हणजे अर्थ बघून ठेवलेलं नाव नाहीच. जे नाव लावलेलं असताना काम मिळालं तेच राहिलं.

आणखी एक. त्याच वर्षी पहिली सिंगल (छोटी तबकडी) निघाली एमजीएम कंपनीच्या लेबलवर, तर लेबलवर 'जेथ्रो टो' छापलेलं! टलचं टो. ती तबकडी आता जमवणाऱ्यांच्या बाजारात सोन्याच्या भावानं जाते.

तिफणकरी_बीड
धागा चांगला आहे पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टलनं पेरणीयंत्राचा 'शोध' लावला हे वाक्य आपल्या पुस्तकांत अजून का छापतात? आमच्या मराठवाड्यात तिफण (तीन फणांची पाभर) काय टलनं आणून दिली का? मेसोपोटेमियातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या मुद्रांवर नळीचा नांगर कोरलेला आहे. चीनमध्ये हान राजवटीत अनेक नळ्यांचं पेरणीयंत्र होतं. खुद्द युरोपात टलच्या आधी इटलीत कामिल्लो तोरेल्लो नावाच्या माणसाला व्हेनिसच्या सिनेटनं १५६६ ला पेरणीयंत्राचं पेटंट दिलेलं.

आणि आपल्याकडचा पुरावा तर इंग्रजांनीच लिहून ठेवलाय. १७९० च्या दशकात कॅप्टन हॅलकॉट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी दक्षिण भारतात होता. त्याला वाटायचं की ओळीत पेरणं ही अलीकडची युरोपातली करामत आहे, आणि तिथं शेतकरी अगदी सहज नळ्यांच्या पाभरीनं पेरताना दिसले. त्यानं चौकशी केली, सगळं टिपून घेतलं आणि अवजारं इंग्लंडला शेतकी मंडळाकडे पाठवली. धरमपाल यांनी अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञानावरच्या पुस्तकात तो मजकूर पूर्ण दिलाय, मिळवून वाचा. साधं, हलकं, गावच्या सुताराच्या हातचं अवजार, मोडलं तर दुपारपर्यंत दुरुस्त.

राग टलवर नाही माझा. आपण आपल्या आज्याच्या हातातलं अवजार बघत नाही याचं वाईट वाटतं.

शिवारफेरी
तिफणकरी दादा, शंभर टक्के मान्य. मी मुद्दामच 'शोध' म्हटलं नाही, पण तुम्ही नीट मांडलंत ते बरं झालं. हॅलकॉटचं मी वाचलंय, आणि ते वाचताना अंगावर काटा आला होता, कारण त्यानं वर्णन केलेलं अवजार आणि आमच्या गोठ्यावर टांगलेली पाभर यात मला फरक सापडेना.

पण टलचं मोठेपण दुसरीकडे आहे असं माझं मत आहे. त्याचं पुस्तक १७३१ ला आलं, त्याचा भर पेरणीपेक्षा घोड्याच्या कोळप्यावर, म्हणजे ओळींमधलं तण काढून माती हलवणाऱ्या अवजारावर, आहे. ओळीत पेरायचं कशाला, तर दोन ओळींतून कोळपं चालवता यावं म्हणून. ही गोष्ट त्याला नीट दिसली ती फ्रान्स-इटलीकडे तब्येतीसाठी गेला होता तेव्हा, तिथं द्राक्षमळ्यात वेलींच्या ओळींमधली माती सारखी हलवतात ते बघून. परत येऊन आपल्या शेतावर, हंगरफोर्डजवळ 'प्रॉस्परस फार्म' नावाचं शेत होतं त्याचं, तिथं तोच प्रयोग केला. आपल्याकडे पाभर आणि कोळपं ही जोडी कायमचीच. विदर्भात तिफण आणि डवरा (तिकडचं कोळपं). आपला शेतकरी हे करत होता, टलनं ते का करायचं हे लिहून काढलं आणि त्यावर वाद घातला. लिहिलं म्हणून जनक झाला.

का करायचं हे मात्र त्यानं चुकीचं लिहिलं! त्याचं म्हणणं, झाडाची मुळं मातीचे बारीक कण खातात, म्हणून माती जितकी भुसभुशीत तितकं झाडाला खायला जास्त, आणि शेणखताची काही गरज नाही. त्यावरून त्याच्यावर हयातीत आणि नंतरही खूप टीका झाली. पण कारण चुकलं तरी काम बरोबर होतं, कारण कोळपणीनं तण जातं, ओल टिकते, मुळांना हवा मिळते. 'एक कोळपणी अर्धं पाणी' असं आमच्याकडे म्हणतात, ते ह्यालाच.

मुक्ता_रीडिंग
मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, वाचत असते नेहमी. मी रीडिंगला राहते, आणि टलचं बॅसिल्डन इथून अगदी जवळ आहे. (एसेक्समध्ये बॅसिल्डन नावाचं मोठं शहर आहे, ते वेगळं, आमच्याकडे लोक हमखास तिकडे जातात.) लोअर बॅसिल्डनला सेंट बार्थोलोम्यूचं जुनं चर्च आहे थेम्सच्या काठाला, तिथं टलला पुरलंय, १७४१ मध्ये.

मागच्या वर्षी माझे सासरे नाशिकहून आले होते, आयुष्यभर द्राक्षाची शेती केलेली. नवरा बँडचा चाहता, त्यामुळे दोघांना घेऊन गेलो. चर्च छोटंसं, आजूबाजूला शेतं, माणूस नाही. टलच्या नावाचा दगड आहे तो मात्र त्या काळचा नाही, नंतर बसवलेला. नवऱ्यानं फोनवर बासरीचा एक तुकडा लावला. सासरे दगडापाशी गेले नाहीत, ते आधी कुंपणापलीकडच्या गव्हाच्या ओळी बघत उभे राहिले, मग वाकून माती उचलली, चुरली, आणि म्हणाले, "चुनखडी आहे गं, खडे बघ केवढे." मग मी त्यांना द्राक्षमळ्यावरून त्याला युक्ती सुचली ते सांगितलं, तेव्हा ते दगडापाशी आले आणि चप्पल काढून नमस्कार केला.

शिवारफेरी, तुमचं चाड्याच्या आवाजाचं वाचून मी हे लिहायला बसले.

शिवारफेरी
मुक्ताताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. दुसरं काय लिहू कळत नाहीये.

जालनेकर_सॅम्युएल
'टल'चं झालं, 'जेथ्रो'चं राहिलं. आमच्या घरात मराठी बायबल वाचतात, त्यात हे नाव 'इथ्रो' असं येतं. मोशेचा सासरा, मिद्यानाचा याजक. मोशे त्याचीच मेंढरं राखत होता तेव्हा त्याला जळतं झुडूप दिसलं, निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पुढे अठराव्या अध्यायात हाच इथ्रो जावयाला सांगतो की दिवसभर एकट्यानं न्यायनिवाडा करत बसू नकोस, थकशील, कामं वाटून दे. हिब्रूत त्या शब्दाचं मूळ 'जास्तीचं, उरून राहणारं, विपुल' अशा अर्थाचं आहे. म्हणजे शेतकऱ्याला शोभेलसं नाव आईबापांनी ठेवलं होतं. माझ्या पणजोबांच्या पिढीत आमच्या नात्यात एक इथ्रो होते, पण त्यांचं आणि ह्या बँडचं नाव एकच आहे हे मला कळायला चाळिशी उजाडली.

ब्लूज_आणि_भाकरी
मस्त चाललाय धागा. खऱ्या माणसांच्या नावावरून पडलेली बँडची नावं अजून आहेत. पिंक फ्लॉइड घ्या, सिड बॅरेटनं पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची पहिली नावं जोडली. लिनर्ड स्किनर्ड तर त्यांच्या शाळेतल्या पीटीच्या सरांवरून, लांब केसांसाठी ओरडायचे ते, स्पेलिंग तेवढं वाकडं केलं. पण तिथं ठेवणाऱ्याला माहीत होतं की कुणाचं नाव घेतोय. टलच्या बाबतीत तसं नाही.

मला एक विचारायचंय, अँडरसनला स्वतःला हे नाव आवडतं का?

कॅसेटवाला
नाही, फारसं नाही. त्यानं बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय की तेव्हा त्याला वाटलं हे एजंटनं बनवलेलं नाव आहे, शाळेत इतिहासात तो धडा त्यानं शिकलाच नव्हता, आणि हा खराखुरा होऊन गेलेला माणूस आहे हे उशिरा कळलं. दुसऱ्याचं नाव आपण वापरतोय याची त्याला खंत आहे. मला हे फार भावतं. पन्नास-पंचावन्न वर्षं त्या नावावर जग फिरला, पैसा मिळाला, तरी तो म्हणतो की हे माझं नव्हतं.

पण गंमत म्हणजे नावानं त्याला हळूहळू आपल्याकडे ओढलं असं मला वाटतं. सुरुवातीचा बँड शुद्ध ब्लूज. मग १९७७ ला 'साँग्ज फ्रॉम द वुड', १९७८ ला 'हेवी हॉर्सेस'. त्यातलं शीर्षकगीत नांगराच्या घोड्यांवर आहे, ट्रॅक्टर आला आणि शायर, क्लाइड्सडेल, सफोक ही दांडगी जनावरं हळूहळू दिसेनाशी झाली त्याबद्दल. त्याच सुमारास त्यानं स्काय बेटावर जमीन घेतली आणि पुढे सॅमन माशांची शेती मोठ्या प्रमाणावर केली. शेतकऱ्याचं नाव घेतलेला माणूस दहा वर्षांत खरंच शेतावर राहायला गेला.

तिफणकरी_बीड
'हेवी हॉर्सेस' आत्ताच ऐकलं, पहिल्यांदा. आमची खिलारी जोडी विकली तो दिवस आठवला. बैल गाडीत चढत नव्हते, वडील घरातून बाहेर आलेच नाहीत. आता सोयाबीन पेरतो ट्रॅक्टरच्या बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्रानं, काम सुंदर होतं, तक्रार नाही. पण चाड्यावर मूठ धरताना नारळ फोडायचा, तो आता ट्रॅक्टरच्या चाकाशी फोडतो. घोड्यांवर इतकं जीव लावून लिहिणारा माणूस परका वाटत नाही. मगाशी जरा चढ्या आवाजात लिहिलं, त्याबद्दल राग नसावा.

अंधेरी_लोकल
बँडचा आणि आपला एक धागा माझ्याकडे आहे. २९ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत जेथ्रो टल आणि अनुष्का शंकर यांचा एकत्र कार्यक्रम ठरला होता. माझ्याकडे तिकीट होतं. २६ तारखेला हल्ला झाला, कार्यक्रम कसला होतोय, आम्ही तीन दिवस टीव्हीसमोरून हललो नाही. परदेशी कलाकार अशा वेळी पहिलं विमान पकडून जातात, गेले असते तरी कुणी बोल लावला नसता. पण त्यांनी तो कार्यक्रम हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी म्हणून ५ डिसेंबरला केला, 'अ बिलियन हँड्स' नावानं.

मी गेलो होतो. दारात तपासणी, लोक गप्प गप्प, रॉक शोला असतो तसला आरडाओरडा नाही. बासरी आणि सतार एकत्र सुरू झाली तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस रडत होता, मीही. त्या नावाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. आज ह्या धाग्यानं कळला, बी पेरणाऱ्याचं नाव.

ब्लूज_आणि_भाकरी
शिवारफेरी, मूळ पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की वडील कानानं ओळखायचे कुठला नळा तुंबलाय. हे जरा सविस्तर सांगाल का? मी शहरातला, पाभर फक्त चित्रात बघितलीय.

शिवारफेरी
सांगतो की. चार नळ्यांची पाभर असेल तर चार धारा एकदम पडतात, त्याचा मिळून एक सलग आवाज असतो. ओली माती फणात चढली की एक नळा खालून बंद होतो, दाणे वर साठतात, आणि त्या सलग आवाजातला एक पदर निघून जातो. ते ऐकू आलं की वडील "हो हो" करून बैल थांबवायचे, खाली वाकून काडीनं नळा मोकळा करायचे, चार पावलं मागं घेऊन परत पेरायचे, म्हणजे ओळीत खांडं पडू नये. आणि शाळवात करडईचे तास धरायचे असले की चाड्याचं एक भोक चिंधीचा बोळा कोंबून बंद करायचे, आणि पाभरीच्या मागं दोरीनं एक सुटा नळा बांधायचे, त्यात आई करडई सोडत चालायची. त्या नळ्याला आमच्याकडे सरतं म्हणतात. आईच्या सरत्याचा आवाज वेगळा यायचा, करडईचा दाणा टणक, टक टक टक. वडिलांची सर्र आणि आईची टक टक, दिवसभर.

पाभर अजून गोठ्यावर आहे, एक फण गेलाय, चाडं शाबूत. बाकीच्यांकडे सरत्याला काय म्हणतात?

तिफणकरी_बीड
आमच्याकडे मोघा. आणि आमच्या मोघ्यामागं आजी चालायची, तिच्या ओटीत तूर असायची.